घरी बसून नोकरी : सोय कोणाची, खर्च कोणाचा?

(अभ्यास-लेख. इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी. पालकांनी व विश्वस्त मंडळींनीही अवश्य वाचावा.)



सहामाही परीक्षेत नववीच्या मराठीच्या पेपरात 'माझे घर' हा निबंध होता. उत्तरपत्रिका चाळताना एका मुलाची चार वाक्ये वाचून मी थांबले. त्याने लिहिले होते, "आमच्या घरी अकरा ते एक मिक्सर लावायचा नसतो. कुकरची शिट्टी पण नाही. आजीने टी.व्ही. लावायचा नाही. कारण बाबांची मीटिंग असते." पुढे आजी दहाच्या आत डाळ-भात करून ठेवते, आणि तो गार होतो म्हणून आजोबा रोज कुरकुर करतात, हेही होते. शुद्धलेखनाचे गुण कापले गेले होते, पण घर मात्र डोळ्यांसमोर उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात मी विचारले, घरूनच नोकरी करणारे कोणी कोणाकडे आहे का? सात हात वर आले. वीस वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न विचारला असता तर मुलांनी शिलाई मशीन, शिकवणी, पापड-लोणची अशी नावे सांगितली असती. आता कोणाचे बाबा पुण्याच्या कंपनीत आहेत पण बसतात इंदूरला, सुदामानगरच्या घरात. कोणाची मावशी बंगलोरच्या बँकेचे काम रामबागेतल्या माडीवरून करते. म्हणून या अंकात या विषयावर थोडे सविस्तर लिहावे असे ठरवले. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी ती घरची आणि या शाळेने शिकवलेली. कुठे शब्द हिंदी वळणाचा वाटला तर सांभाळून घ्यावे.

हे काम नवे आहे का?

इंग्रजीत यासाठी जो 'टेलिकम्युटिंग' शब्द आहे तो १९७३ मध्ये जॅक नाइल्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दिला. लॉस एंजेलिस शहरात रोज हजारो माणसे मोटारीने तास-तास प्रवास करून कचेरीत जातात आणि तिथे दिवसभर टेलिफोन व कागदांचेच काम करतात, मग माणसाऐवजी कामच का हलवू नये, असा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि पेट्रोलचे भाव भडकले, त्यामुळे हा प्रश्न एकदम मोलाचा ठरला. नाइल्स यांनी एका विमा कंपनीबरोबर प्रयोग केला. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, तिचे काम पुढे पडणार आहे. त्या कर्मचाऱ्यांना त्यांनी घरी बसवले नव्हते. घराजवळच्या लहान केंद्रांत बसवले होते. या अभ्यासाचे पुस्तक १९७६ मध्ये निघाले.

पण मित्रांनो, शब्द अमेरिकेचा असला तरी काम आपल्याकडे आधीपासून होते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लिज्जतची पद्धत पहा. भगिनी सकाळी केंद्रावर येते, मळलेले पीठ घेऊन घरी जाते, पापड लाटून वाळवते आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देते. तिथे वजन होते, तपासणी होते, लाटणावळ हातात पडते आणि नवे पीठ मिळते. म्हणजे कच्चा माल, काम, तपासणी, मोबदला, सगळे ठरलेले. कोणी तिच्या घरी बसून ती किती वेळ लाटते हे पाहत नाही. किती पापड आले आणि कसे आले एवढेच पाहतात.

दुसरे उदाहरण इतके गोड नाही. आपल्या मध्य प्रदेशात सागर, दमोह, जबलपूर भागात आणि महाराष्ट्रात सोलापूरला हजारो बायांनी पिढ्यान्-पिढ्या घरी बसून विड्या वळल्या. तेंदूपत्ता आणि तंबाखू मोजून मिळतो आणि हजार विड्यांमागे मजुरी ठरते. पाने खराब निघाली तर कमी पडलेली पाने पदरचे पैसे घालून आणायची. तयार विड्यांतून ठेकेदार काही 'छाट' म्हणून बाजूला काढतो, त्यांची मजुरी नाही. जागा तिची, दिवा तिचा, मदतीला मुले तिची, आणि तंबाखूची भुकटी सगळ्या घराच्या छातीत. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बायांनाही कामगार मानले, ही मोठी गोष्ट झाली. त्याआधी त्या कुठल्याच हिशेबात नव्हत्या.

लिज्जत आणि विडी, दोन्ही घरूनच केलेली कामे. तरी एकीकडे बाई मालकीण झाली आणि दुसरीकडे ठेकेदाराच्या मर्जीवर राहिली. घरून काम चांगले की वाईट असे मला जेव्हा कोणी विचारते तेव्हा या दोघी डोळ्यांपुढे येतात. खर्च कोणी सोसायचा, मोजमाप कोणी आणि कसे करायचे, आणि तक्रार कोणाकडे न्यायची, या तीन गोष्टी विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. लॅपटॉप पुढ्यात आला म्हणून हे प्रश्न बदलत नाहीत.

२०२० ची गोष्ट

तुमच्यापैकी बारावीची मुले तेव्हा प्राथमिक शाळेत होती. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून सबंध देशात लॉकडाऊन लागले. एका आठवड्याच्या आत मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांच्या घरी संगणक पोहोचवले. याआधी कॉल सेंटरसारख्या कामांवर सरकारी दूरसंचार नियमांची बरीच बंधने होती, घरून असे काम करणे सोपे नव्हते. त्या बंधनांत आधी तात्पुरती सूट दिली गेली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नियमच सैल केले गेले.

आपल्या समाजात याचा एक परिणाम असा झाला की पुण्याला, हैदराबादला, बंगलोरला गेलेली मुले घरी आली. इंदूरच्या मराठी घरांचे दुखणे तुम्हाला माहीत आहे. मुलगा-मुलगी इंजिनिअर झाली की शहर सोडतात. नारायणबाग, लोकमान्यनगर, रामबाग भागात मोठमोठ्या घरांत दोन म्हातारी माणसे आणि एक कुलूपबंद माडी, हे चित्र आम्ही वीस-पंचवीस वर्षे पाहतो आहोत. त्या दीड-दोन वर्षांत माड्या उघडल्या. माझ्या शेजारच्या काकूंकडे नातू आला तेव्हा तो 'दादी' म्हणत होता, जाताना 'आजी' म्हणायला लागला होता. संकटाचा काळ होता, कित्येक घरांत माणसे गेली, त्या काळाला चांगले म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण हे घडले, तेही नोंदवून ठेवले पाहिजे.

मग वारे फिरले. टी.सी.एस.ने २०२० मध्ये जाहीर केले होते की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के कर्मचाऱ्यांनाच कार्यालयात यावे लागेल. २०२३ मध्ये याच कंपनीने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. इतर कंपन्यांनीही कमी-जास्त हेच केले, बहुतेकांनी दोन-तीन दिवस घरून आणि बाकीचे कार्यालयातून असा मधला मार्ग धरला. ज्यांनी घराजवळ राहता येईल म्हणून कर्ज काढून इंदूरला फ्लॅट घेतला त्यांची पंचाईत झाली. करिअर निवडणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांनी यातून एवढे घ्यावे : कंपनीची आजची सवलत म्हणजे आयुष्यभराचा करार नव्हे. नेमणूकपत्रात काय लिहिले आहे ते वाचावे.

एक चांगला प्रयोग

फायदा-तोट्याच्या गप्पा पुष्कळ होतात. प्रयोग करून पाहिलेले थोडे. विज्ञानाच्या मुलांनी हा भाग नीट वाचावा.

चीनमध्ये सी-ट्रिप नावाची प्रवासाची तिकिटे, हॉटेले आरक्षित करून देणारी मोठी कंपनी आहे. तिच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीस नऊ महिन्यांचा प्रयोग सुरू झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी तो अभ्यासला. घरून काम करायला कोण तयार आहे, असे विचारले. जे तयार झाले आणि ज्यांच्याकडे स्वतंत्र खोली, इंटरनेट आणि किमान सहा महिन्यांचा अनुभव होता असे २४९ जण निवडले. आता यातले कोण घरी आणि कोण कार्यालयात? साहेबाने निवडले असते तर त्याने आवडीची किंवा हुशार माणसे घरी पाठवली असती आणि प्रयोग फुकट गेला असता. म्हणून चिठ्ठी टाकावी तसे केले. ज्यांची जन्मतारीख सम, ते आठवड्याचे चार दिवस घरून काम करणार. विषम तारखेचे कार्यालयातच राहणार. जन्मतारखेचा आणि हुशारीचा संबंध नसतो, म्हणून दोन्ही गट सारखे झाले. काम तेच, संगणक तसेच, साहेब तेच. फरक फक्त जागेचा.

निकाल असा आला की घरी बसलेल्या गटाचे काम १३ टक्क्यांनी वाढले. त्यातला मोठा हिस्सा, सुमारे ९ टक्के, ते जास्त मिनिटे कामावर हजर राहिले म्हणून. मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. उरलेले ४ टक्के दर मिनिटाला जास्त फोन घेता आले म्हणून, कारण घरी गडबड कमी होती. (आपल्या निबंधकार विद्यार्थ्याच्या आजीने मिक्सर बंद ठेवला तो या ४ टक्क्यांसाठी!) नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. कंपनीचे जागाभाडे वाचले ते वेगळे.

इथे गोष्ट संपली असती तर फार सोपे झाले असते. पण दोन गोष्टी आणखी आढळल्या. घरून काम करणाऱ्यांचे काम तितकेच चांगले असूनही त्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी राहिली. साहेबाच्या नजरेसमोर नसणे महागात पडले. आणि प्रयोग संपल्यावर जेव्हा विचारले की आता तुम्हीच ठरवा, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक कार्यालयात परत जायला निघाले. सर्वांत जास्त सांगितलेले कारण एकटेपणा. हेच लोक नऊ महिन्यांपूर्वी हौसेने तयार झाले होते. म्हणजे माणसाला स्वतःला काय मानवेल हे करून पाहिल्याशिवाय त्यालाही कळत नाही.

याच कंपनीत पुढे दुसरा प्रयोग झाला, तो २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. या वेळी १,६१२ कर्मचारी, आणि आठवड्यातून फक्त दोन दिवस घरून. नोकरी सोडण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले, आणि कामावर किंवा बढतीवर काहीही वाईट परिणाम दिसला नाही. मला हा मधला रस्ता शहाणपणाचा वाटतो. मात्र जो पुण्याच्या कंपनीत आहे आणि इंदूरला राहतो त्याला आठवड्यातून तीन दिवस पुण्याला जाणे शक्य नाही, हेही उघड आहे.

गणिताच्या मुलांसाठी एक छोटे उदाहरण. आपला एक माजी विद्यार्थी पुण्यात कोथरूडहून हिंजवडीला जात असे. जाताना दीड तास, येताना दीड तास. महिन्याचे बावीस दिवस धरा. ६६ तास झाले, म्हणजे आठ तासांच्या दिवसाने महिन्यात आठ दिवसांहून जास्त फक्त रस्त्यावर. पेट्रोल आणि धूर वेगळा. तो म्हणतो, "मॅडम, मला पगारवाढ नको, हे आठ दिवस द्या." त्याचे म्हणणे मला पटते.

जे घरी शिकता येत नाही

मी शिक्षिका झाले तेव्हा पहिल्या वर्षी मला उत्तरपत्रिका तपासता येत नव्हत्या. बी.एड.मध्ये शिकवले होते, पण खरे शिकले शिक्षक-कक्षात. शेजारी एक वयस्क बाई बसत. त्या न बोलता माझ्या हातातली वही ओढून घेत आणि म्हणत, "अगं, या मुलाला उत्तर येतंय, त्याला लिहिता येत नाहीये. दोन गुण दे आणि खाली लिही काय चुकलं ते." हे त्यांनी मला 'मीटिंग' ठरवून सांगितले नसते. मी फोन करून विचारलेही नसते, कारण मला काही चुकते आहे हेच ठाऊक नव्हते.

नव्या नोकरदाराचे हेच होते. अमेरिकेत संगणक-इंजिनिअरांवर झालेल्या एका अभ्यासात दिसले की एकाच इमारतीत बसणाऱ्यांना सहकाऱ्यांकडून कामाबद्दल जास्त सूचना मिळतात आणि याचा फायदा सर्वांत जास्त तरुणांना होतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० मधल्या पहिल्या सहा महिन्यांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. सगळे घरी बसल्यावर लोक आपापल्या गटातच बोलू लागले, दुसऱ्या विभागातल्या माणसांशी येणारा संबंध कमी झाला. आपल्या भाषेत सांगायचे तर पाणवठा बंद झाला.

म्हणून बारावीनंतर शिकून नोकरीला लागणाऱ्या मुलांना माझा स्पष्ट सल्ला आहे की पहिली दोन-तीन वर्षे शक्य असेल तर कार्यालयात जा. आई-बाबांना वाईट वाटेल, तरी जा. नंतर घरी येऊन काम करा. पालकांना हे आवडणार नाही याची मला कल्पना आहे. माझ्या मुलीला मी हेच सांगितले तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

घराची बाजू

माझी मुलगी २०२० मध्ये घरी आली ती चौदा महिने राहिली. माडीवरच्या खोलीत जुने जेवणाचे टेबल नेऊन तिने आपले कार्यालय थाटले. पहिल्या महिन्यात मला फार आनंद झाला. मग माझ्या लक्षात आले की दुपारी पाहुणे आले तर चहा तिनेच करावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते, कारण 'ती घरीच आहे'. तिचे भाऊही तेव्हा घरूनच काम करीत होते. त्यांना कोणी हाक मारीत नसे. मीही मारली नाही, हे कबूल करते. एके दिवशी तिने मीटिंगमधून कॅमेरा बंद करून खाली येऊन पोळ्या केल्या आणि परत वर गेली, तेव्हा मला शरम वाटली. शाळेत मी मुला-मुलींच्या समानतेवर भाषणे देते.

बाईने घरून काम करणे ही सोय कोणाची, हा प्रश्न प्रत्येक घराने आपल्याला विचारावा. दार बंद असेल तर ती कामावर आहे, मग ती सून असो की मुलगी. आणि लहान मुलांनी दिवसभर 'शूऽऽ' ऐकत वाढावे हेही बरे नाही. ज्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसे आहेत तिथे घरून काम करणे म्हणजे सहाही जणांनी काम करणे असते, पगार मात्र एकाला.

खर्चाचेही तसेच. वीज, इंटरनेट, खुर्ची, उन्हाळ्यात कूलर, हे सारे आधी कंपनी सोसत होती. ते आता घरावर आले. पोर्तुगालने २०२१ च्या अखेरीस कायदा करून असा वाढीव खर्च मालकाने द्यावा आणि कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्याशी संपर्क करू नये असे ठरवले. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलपासून दूर राहण्याचा हक्क २०१७ पासून आहे. आपल्याकडे अशा हक्कासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा १७७ क्रमांकाचा करार आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. राज्यशास्त्राच्या मुलांनी करार 'मान्य करणे' म्हणजे काय हे आपल्या सरांना विचारावे.

सावध राहा

हा भाग विशेष करून मातांसाठी. 'घरबसल्या टायपिंग करा, रोज हजार-दोन हजार मिळवा' असे संदेश मोबाईलवर येतात. आपल्याच एका विद्यार्थ्याच्या आईला असा संदेश आला. आधी व्हिडिओला 'लाईक' करण्याचे दीडशे रुपये खरोखरच खात्यात जमा झाले. विश्वास बसला. मग मोठ्या कामासाठी 'अनामत' म्हणून दोन हजार, ते परत मिळवण्यासाठी पाच हजार, असे करत चौदा हजार रुपये गेले. घरी सांगायची भीती वाटली म्हणून तीन आठवडे कोणाला बोलल्या नाहीत. मला सांगितले तेही मुलाची फी थकली म्हणून. नोकरी देणारा कर्मचाऱ्याकडून पैसे घेत नाही, एवढी एक खूण पक्की धरावी. फसवणूक झाली तर लाजू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. तीन आठवड्यांनी उपयोग झाला नाही.

आपल्या शाळेपुढचा प्रश्न

आता विश्वस्त मंडळींसाठी. मागच्या सभेत काही माजी विद्यार्थ्यांचा अर्ज आला होता. वरच्या मजल्यावरचे जुने वाचनालय सकाळी नऊ ते सहा बंद असते. तिथे दहा टेबले आणि चांगले इंटरनेट मिळाले तर घरून काम करणाऱ्या मुलांना बसायला जागा होईल, आम्ही भाडे देऊ, असे त्यांचे म्हणणे. सभेत दोन आक्षेप आले. शाळेच्या वेळेत बाहेरची माणसे आवारात नकोत, आणि शाळा ही शाळा आहे, दुकान नव्हे.

पहिला आक्षेप पूर्णपणे योग्य आहे. मुलांच्या सुरक्षिततेपुढे दुसरे काही नाही. पण वाचनालयाचा जिना मागच्या गल्लीत उतरतो. वर्गांकडे येणारे दार कायम बंद करता येईल. नोंदवही, ओळखपत्र आणि प्रत्येक अर्जदाराची पडताळणी, हे केल्याशिवाय किल्ली देऊ नये असेच माझे मत आहे.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल मी वेगळा विचार करते. ज्यांनी ते वाचनालय उभारले त्यांनी मराठी माणसे एकत्र बसावीत म्हणूनच उभारले होते. आज तिथे वर्तमानपत्र वाचायला संध्याकाळी चार आजोबा येतात, आणि दोन गल्ल्या पलीकडे आपलीच तिशीतली मुले एकेका खोलीत एकटी बसलेली असतात. नाइल्स यांनी १९७३ मध्ये माणसांना घराजवळच्या केंद्रात बसवले, घरात नाही, हे मी वर सांगितले ते याचसाठी. केरळ सरकारही घराजवळ काम करण्याच्या केंद्रांची योजना राबवीत आहे. भाड्याचे म्हणाल तर छत गळते आहे ते या पावसाळ्यात आपण सर्वांनी पाहिले.

माझी सूचना अशी की एक वर्षासाठी करून पाहावे. भाड्याशिवाय एक अट असावी : तिथे बसणाऱ्या प्रत्येकाने महिन्यातून एका शनिवारी अकरावीच्या मुलांना तासभर आपले काम समजावून सांगावे, तेही मराठीत. वर्षानंतर हिशेब आणि तक्रारी दोन्ही सभेपुढे ठेवीन. प्रयोग फसला तर कुलूप आहेच. विश्वस्तांचा निर्णय जो होईल तो मला मान्य राहील, पण माझे मत लपवून ठेवणे मला जमले नाही. पालकांनीही आपले मत लेखी द्यावे, कोरे अर्ज कार्यालयात ठेवले आहेत.

घरचा अभ्यास (नववी ते अकरावी)

तुमच्या किंवा शेजारच्या घरात कोणी घरून काम करीत असेल तर त्यांची परवानगी घेऊन एका दिवसाची नोंद करा. काम किती वाजता सुरू झाले, किती वाजता संपले, मध्ये किती वेळा कोणी हाक मारली, आणि त्या दिवशी घरातल्या बाकीच्यांनी काय काय करायचे टाळले, हे लिहा. विजेचे मागील सहा महिन्यांचे बिल मिळाले तर आलेख काढा. विडी वळणारी, शिलाई करणारी, डबे करून देणारी बाईसुद्धा 'घरून काम करणारी'च आहे, तिची नोंद केली तरी चालेल. नावे लिहू नका, कंपनीचेही नको.

वह्या महिनाअखेर वर्गशिक्षिकेकडे द्याव्यात. ज्या निबंधापासून हे सारे सुरू झाले त्या विद्यार्थ्याने आजीची मुलाखत घेऊन आणण्याचे कबूल केले आहे. अकरा ते एक सोडून कधीही, असे आजींनी कळवले आहे.